कवड्यांची माळ घरी ओवताना: पारख, भोक, टाका आणि निगा

गळ्यातली कवड्यांची माळ तुटते तेव्हा कवडी सहसा शाबूत असते, तुटलेला असतो दोरा. आणि तो कापलेला असतो कवडीनेच. पाठ फोडताना राहून गेलेली धार रोज थोडी थोडी दोऱ्यावर फिरते आणि एखाद्या दिवशी, बहुधा ऐन गर्दीत, अख्खी माळ पायाखाली सांडते. म्हणून पुढे ओवण्यापेक्षा जास्त जागा कवडी निवडायला आणि तिच्या भोकाची धार मोडायला दिली आहे. तेवढे नीट झाले की ओवणे हे दुपारभराचे काम.

मराठवाड्याला समुद्र नाही, पण कवडीशिवाय इथले काही हलत नाही. तुळजापूरच्या भवानीचे आराधी, संबळ घेऊन उभे राहणारे गोंधळी, लमाण तांड्यांवरचे भरतकाम, पोळ्याच्या बैलांचे गळपट्टे, पटावरचे दान, सगळीकडे तीच. खाली दोन घडणी सांगितल्या आहेत: गळ्यात घालायची लोंबती माळ आणि कापडावर शिवायचा पट्टा. दोन्हींसाठी कवडी वेगळी फोडावी लागते, त्यामुळे काय करायचे ते आधी ठरवा आणि मगच दगडाला हात लावा.

कवडी म्हणजे नेमके काय

कवडी हे एका लहान समुद्री गोगलगायीचे कवच. आपल्याकडे माळेला येतात त्या मुख्यतः दोन जाती. एक पैसा-कवडी, मोनेटारिया मोनेटा. रंगाने फिकट पिवळी, कधी लिंबाच्या सालीसारखी, आणि आकाराने चपटी, कोनदार. मागच्या रुंद बाजूला दोन्हीकडे टेंगळे आलेली असतात. दुसरी कडी-कवडी, मोनेटारिया अॅन्युलस. हिची घडण गुळगुळीत अंडाकृती, पाठ राखाडी-निळसर आणि त्या पाठीभोवती सोनेरी-नारिंगी रंगाचे कडे. दोघींना शास्त्रीय नावे लिनियसने १७५८ मध्ये दिली. लॅटिनमध्ये ‘मोनेटा’ म्हणजे नाणे आणि ‘अॅन्युलस’ म्हणजे कडे, त्यामुळे नावावरूनच ओळख पटते.

पैसा म्हणून हिचा हिशेबही होता. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त कोष्टकच आहे: २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण. पुढे आपण ६० कवड्यांची माळ करणार आहोत, ती त्या हिशेबाने पाऊण पणाची. कवडीमोल म्हणतात ते उगीच नाही.

कामाच्या दृष्टीने तीन गोष्टी समजून घ्या. पहिली, कवच चुन्याचे आहे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आंबट काहीही लागले की ते विरघळते. दुसरी, वरची चकाकी पॉलिशची नाही. जिवंतपणी या गोगलगायीच्या अंगाचे दोन मऊ पदर दोन्ही बाजूंनी वर चढून कवचाला पांघरून असतात आणि त्यावर सतत नवा थर देतात. म्हणून तिला ना शेवाळ धरत, ना ओरखडे राहत. प्राणी मेला की ही दुरुस्ती थांबते. आता घासून गेलेली चकाकी परत येत नाही, तेल लावून फक्त भास होतो. तिसरी, वयात आलेल्या कवडीची ओठाची कड आत वळते, दोन्ही ओठांवर दात येतात आणि लांबी वाढायची थांबते. त्यानंतर ती फक्त जाड होत जाते, आणि ती जाडी कडांना जास्त, पाठीच्या मध्यावर कमी. पाठ फोडायची ती मध्यावरच, याचे कारण हे.

पारख

कवडी शेकड्यावर किंवा वजनावर मिळते. एका कवडीचे वजन आकारानुसार साधारण एक ते अडीच ग्रॅम. माळेसाठी १८ ते २२ मिलिमीटर लांबीची घ्या. त्याहून लहान हातात धरवत नाही, मोठी गळ्यात बोजड दिसते. बैलाच्या पट्ट्याला २४-२५ मिलिमीटरची शोभते. मोजमापात माल एकसारखा कधीच येत नाही. ६० कवड्यांची माळ करायची तर ७५ आणा: पाच-सात फोडताना तडकतील, तितक्याच आकारात बसणार नाहीत आणि दोन-चार पुढच्या दुरुस्तीला डब्यात राहतील.

विकत घेताना मूठभर कवड्या उजेडात पालथ्या-उलथ्या करून पाहा:

- पाठ ओल्या काचेसारखी चमकत असेल तर कवडी ताजी. खडूसारखी पांढुरकी, हाताला कोरडी लागत असेल तर ती किनाऱ्यावर उन्हात पडून वेचलेली. अशी कवडी दगडावर भुगा होऊन सुटते.
- पाठीवर जांभळे डाग दिसले तर वरचा थर घासून आतला रंग उघडा पडला आहे. कवडी मजबूत असू शकते, पण रंगाच्या रांगेत ती उठून दिसेल. पाठ कापून पट्ट्याला लावायची असेल तर खुशाल घ्या, पाठ तशीही जाणारच.
- दात पूर्ण आहेत ना? ओठ पातळ आणि दात अर्धवट असतील तर ती कोवळी कवडी. बोटाच्या दाबानेही तिचा ओठ मोडतो.
- नाकाशी धरा. वास येत असेल तर आत मांस वाळलेले आहे. चालेल, पण पुढची साफसफाई वाढली.

प्लॅस्टिकच्या कवड्याही सर्रास खपतात. त्या ओळखायला आग लावायची गरज नाही. साच्याची बारीक सांधरेघ बाजूने फिरलेली दिसते, सगळ्यांचे दात मोजून सारखे असतात, आणि गालाला लावली तर खरी कवडी गार लागते, प्लॅस्टिकची लागत नाही. तरी शंका राहिली तर एक टाकाऊ कवडी घेऊन तिच्या फुटक्या कडेवर लिंबाचा थेंब टाका. खऱ्या कवडीवर बारीक बुडबुडे येतात. ही परीक्षा चांगल्या कवडीवर करू नका, डाग कायमचा पडतो.

समुद्रकाठच्या दुकानांतून आणणार असाल तर कवडीसोबत ‘शोभेला’ म्हणून नॉटिलस किंवा ट्रायडॅक्ना जातीचे मोठे शिंपले उचलू नका. ते वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत.

आकाराची चाळणी

डोळ्याने जुळवलेल्या साठ कवड्या ताटात सारख्या दिसतात आणि ओवल्यावर वेड्यावाकड्या. त्यापेक्षा जाड पुठ्ठ्याच्या पट्टीत १६, १८, २०, २२ मिलिमीटरच्या चार खाचा कापा. कवडी लांबीने खाचेत बसवून पाहायची. ज्या पहिल्या खाचेत बसेल त्या वाटीत टाकायची. शंभर कवड्या पंधरा मिनिटांत वेगळ्या होतात. नंतर प्रत्येक वाटीत रंग लावा: पिवळ्या एकीकडे, कड्याच्या एकीकडे. दोन्ही जाती एकाच माळेत मिसळायला हरकत नाही, पण मग एकाआड एक तरी ठेवा. मधेच चार पिवळ्या आणि पुन्हा दोन कड्याच्या असे झाले की ती चूक दिसते, नक्षी नाही.

साफसफाई

वास नसेल तर एक लिटर कोमट पाण्यात चार रिठे भिजवून त्या पाण्यात कवड्या तासभर ठेवा आणि मऊ टूथब्रशने दातांच्या फटी घासा. एवढे पुरते.

वास असेल तर साध्या पाण्यात तीन दिवस ठेवा, पाणी रोज बदला आणि सुई नसलेल्या सिरिंजने फटीतून जोराने पाणी मारा. तरीही आत काही राहिले तर कोरड्या रेतीच्या कुंडीत दोन-तीन आठवडे पुरा. उरलेले काम मुंग्या करतात. (मालदीवमध्येही ताज्या कवड्या खड्ड्यात पुरून मांस कुजवून काढत, चौदाव्या शतकात तिथे राहिलेल्या इब्न बतूताने ते नोंदवले आहे. वासाचा विचार करता कुंडी घरापासून लांब ठेवलेली बरी.)

उकळत्या पाण्यात टाकू नका. मांस निघते खरे, पण एकदम बसलेल्या उष्णतेने पाठीवर केसाएवढ्या भेगा जातात. त्या तेव्हा दिसत नाहीत, दगडावर घासताना उघडतात.

चिंच, लिंबू, व्हिनेगर, पितळेची भांडी घासायची आंबट पावडर, संडास धुवायचे अॅसिड: यांपैकी काहीही नको. एक मिनिट बुडवले तरी चकाकी जाते. ब्लीचनेही रंग मळकट होतो.

आपल्याकडचा खास त्रास म्हणजे बोअरचे पाणी. जड पाण्यात धुऊन तशाच वाळवल्या की पाठीवर क्षाराचे पांढरे ठिपके बसतात, आणि ते काढायला माणूस लिंबू उचलतो. तिथेच घात होतो. शेवटचा हात फिल्टरच्या किंवा पावसाच्या पाण्याने द्या आणि वाळायच्या आत सुती फडक्याने पुसा. वाळवणे सावलीत. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्यावर पसरल्या तर कडीचा सोनेरी रंग उडतो.

भोक पाडणे

*लोंबत्या माळेसाठी: टोकाजवळ बारीक भोक*

लागणारे साहित्य: बॅटरीवर चालणारा लहान हातड्रिल, १.५ मिलिमीटरची डायमंड सुई, शाडूची मळलेली माती, पाण्याची वाटी, नाकातोंडाला चांगला मास्क. कवडीची धूळ म्हणजे बारीक चुना, ती छातीत जाऊ देऊ नका. आणि वीजेच्या वायरचा ड्रिल पाण्याजवळ वापरू नका.

१. शाडूच्या गोळ्यात कवडी तोंड खाली करून अर्धी रुतवा. पाठ वर, निमुळते टोक तुमच्याकडे.

२. त्या टोकापासून ४ ते ५ मिलिमीटरवर, बरोबर मध्यरेषेवर पेन्सिलीने खूण करा. याहून टोकाजवळ गेलात तर भोक आणि फट यांच्यात उरणारी भिंत बारीक होते आणि माळेच्या झटक्याने तुटते. याहून मागे गेलात तर कवडी तिरकी लोंबते.

३. गुळगुळीत पाठीवर सुई घसरते. आधी खुणेवर पॉलिश पेपरचा टोकदार घडी केलेला तुकडा दोन-तीनदा फिरवा, म्हणजे बूड मिळते.

४. खुणेवर पाण्याचा थेंब ठेवा, ड्रिल कमी वेगात सुरू करा आणि नुसते टेकवा, दाबू नका. पाणी दुधाळ झाले की पुसून नवा थेंब. सुई कोरडी चालली तर कवडी तापते, जळक्या केसांसारखा वास येतो आणि भोकाभोवती चकती उडते.

५. सुई आत उतरताना आवाज पोकळ होतो. तिथेच हात हलका करा. सगळ्यात जास्त कवड्या या शेवटच्या क्षणी तडकतात, कारण भार अचानक सुटतो.

*पट्ट्यासाठी: पाठ घासून उघडणे*

याला वीज लागत नाही. सुताराचा धार लावायचा दगड हवा, त्याची खरबरीत बाजू. घरचा काळा पाटाही चालतो, पण नंतर त्यावर चटणी वाटायची असेल तर वेगळा दगड घ्या.

कवडी नुसत्या बोटांनी धरून घासली तर दहाव्या कवडीला बोटांची कातडी निघते. जुन्या रबरी चपलेच्या तळव्याचा तुकडा घ्या, त्यात कवडी निम्मी बसेल एवढी खाच ब्लेडने कोरा, कवडी तोंडाकडून खाचेत बसवा आणि रबर धरून पाठ ओल्या दगडावर गोल गोल घासा. आधी निस्तेज ठिपका दिसतो, मग तो वाढून जांभळट होतो. जांभळा रंग आला म्हणजे आरपार जायला थोडेच उरले. इथून दाब निम्मा करा. टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र पडले की आणखी हलका हात, आणि छिद्र ६ ते ८ मिलिमीटर लांबट होईपर्यंत घासत राहा. घाई करून छिद्र पडताच टोच्याने उरलेले फोडायला गेलात तर चांदणीसारख्या भेगा ओठापर्यंत जातात. ती कवडी गेली.

सुरुवातीला एकीला आठ-दहा मिनिटे लागतील. हात बसला की निम्मा वेळ.

*धार मोडणे*

दोन्ही पद्धतींत हे करायचेच. बारीक भोकासाठी खराट्याच्या काडीला ४०० नंबरचा पाण्यात चालणारा पॉलिश पेपर गुंडाळा, आत घालून वीस-पंचवीस वेळा फिरवा आणि शेवटी ६०० नंबर. मोठ्या भोकाची कड बाहेरून आणि आतून, दोन्हीकडून घासा. आतली कड विसरली जाते, आणि दोरा कापणारी तीच असते.

आता परीक्षा. कापसाची सैल वात करून भोकातून घाला, फटीतून बाहेर ओढा. एकही तंतू अडकून राहिला तर अजून धार आहे. ही परीक्षा प्रत्येक कवडीची घ्या. साठीतल्या एकीची राहिली तरी माळ तिथेच तुटेल.

लोंबती माळ बांधणे

पहिल्यांदा ओवणारा एक चूक हमखास करतो: पाठीच्या भोकातून दोरा घालायचा, फटीतून काढायचा आणि पुढची कवडी त्याच दोऱ्यात. दिसायला बरोबर. पण माळ उचलली की सगळ्या कवड्या वळतात आणि एकीचे तोंड दुसरीच्या पाठीला लागते, कारण दोरा त्यांच्या आरपार मागून पुढे जातो. भरगच्च, जाडजूड सर हवा असेल तर हेच करा, तोही देखणा दिसतो. मात्र मग कवड्या जवळजवळ दीडपट लागतात. तोंडे समोर हवी असतील तर मुख्य दोरा वेगळा आणि कवडी त्याला बांधणारा दोरा वेगळा.

मुख्य दोरा: ३ मिलिमीटर जाडीचा सुती गोफ, १.२ मीटर. यातले ९० सेंटिमीटर माळेचे, बाकी टोके. बांधायचा दोरा: मोच्याकडे मिळतो तो मेण लावलेला दोरा, ३ मीटरचे दोन तुकडे. हिशेब असा: दोन वेढे, एक गाठ आणि पुढच्या कवडीपर्यंतचे अंतर मिळून एका कवडीला सुमारे ८ सेंटिमीटर दोरा जातो. एका बाजूच्या ३० कवड्यांना २.४ मीटर, उरलेला सुरुवातीच्या आणि शेवटच्या गाठीला. कवडीची रुंदी साधारण १४-१५ मिलिमीटर, म्हणून ९० सेंटिमीटरला ६०.

१. चादरीवर कवड्या ओळीने मांडा. मोठ्या मध्ये, लहान होत होत मानेकडे. मांडणी पक्की झाल्याशिवाय दोरा हातात घेऊ नका.

२. गोफाच्या मध्यावर रंगीत धाग्याची खूण करा. सुरुवात मध्यापासून आणि दोन्ही बाजूंना. एका टोकाकडून सुरू केले तर मोठ्या कवड्या छातीच्या मध्यावर न येता कुशीला जातात.

३. बांधायच्या दोऱ्याचे टोक मेणात बुडवून पीळ देऊन कडक करा, सुई लागत नाही. गोफाला एक गाठ मारून दोरा पक्का करा.

४. दोरा पाठीच्या भोकातून आत, फटीच्या टोकातून पुढे, तिथून वर गोफाच्या पुढून आणि मागे खाली, पुन्हा भोकात. असे दोन वेढे. कवडी गोफापासून २-३ मिलिमीटर सैल लोंबली पाहिजे. आवळून बांधली तर ती हलत नाही, माळ ताठ राहते आणि सगळा ताण त्या बारीक भिंतीवर येतो.

५. दुसऱ्या वेढ्यानंतर दोरा गोफाभोवती फिरवून त्याच्याच फासातून काढा आणि आवळा. ही गाठ दर कवडीला स्वतंत्र. म्हणजे पुढे एक दोरा तुटला तर एकच कवडी सुटेल.

६. पुढची कवडी १५ मिलिमीटरवर. अंतरासाठी पुठ्ठ्याचा तुकडा कापून ठेवा, डोळ्यावर सोडू नका.

मानेवर गाठीचा गोळा नको. गोफाची टोके एकमेकींवर ५ सेंटिमीटर चढवा, आरपार चार टाके घाला आणि वरून बारीक दोऱ्याने घट्ट वेटोळे घालून टोक आत दाबा. जास्तीचा गोफ कापा किंवा पाठीवर गोंडा सोडा. पण हे सगळे करण्याआधी टोके कच्ची बांधून माळ रात्रभर खुंटीला टांगा. सुती गोफ पहिल्या दिवशी थोडा लांबतो, म्हणून कायमची शिवण दुसऱ्या दिवशी घाला.

नायलॉनचा दोरा का नको, असे विचारतील. चालतो, तुटायलाही जड. पण त्याची गाठ घसरते, आणि आराध्यांच्या माळेजवळ पोत, म्हणजे देवीपुढे नाचवायचा तेलाचा पलिता, पेटता असतो. नायलॉन ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो. सुती दोरा जळतो, पण चिकटत नाही.

बैलाचा पट्टा

पोळ्याला पट्टा करायचा तर तो खांदेमळणीच्या, म्हणजे पोळ्याच्या आदल्या, संध्याकाळी सुरू करू नका, दोन रांगांच्या पट्ट्याला १२० कवड्या घासाव्या लागतात. आठ दिवस हाताशी ठेवा.

बूड म्हणून ५-६ सेंटिमीटर रुंदीची सुती नवार. बैलाच्या मानेचा घेर मोजून त्यात पट्टा आणि मान यांच्यामध्ये चार बोटे जातील इतकी ढील ठेवा, बांधायच्या टोकांना वेगळे धरा. कवड्या उभ्या, एकीला एक लागून, तोंड वर.

टाका असा: सुई नवारीच्या खालून कवडीच्या वरच्या टोकाला अगदी लगटून वर काढा, टोकावरून फटीत उतरवा, भोकातून खाली नवारीत. पुन्हा एकदा तसेच. मग खालच्या टोकाला तेच दोनदा. दोरा फटीत दातांच्या मधे दडतो, वरून दिसत नाही. फक्त एका टोकाला टाका घातला तर कवडी भिंगरीसारखी फिरते आणि तिची कड शेजारणीला घासते. दर पाच कवड्यांनी गाठ.

शिवून झाले की मागून जाड मांजरपाटाचे अस्तर लावा. हे शोभेसाठी नाही. मागच्या गाठी आणि एखाद्या फुटलेल्या कवडीची कड मिरवणुकीत तासभर मानेवर घासली तर कातडी सोलते. ताडपत्री किंवा रेक्झिन नको, खाली घाम साचतो. बैल धुताना पट्टा काढून ठेवा आणि शिंगांना वारनिस लावून झाल्यावरच घाला. कवडीवर पडलेला वारनिस थिनरने निघतो, पण फटीत शिरलेला निघत नाही.

लमाणी कामात कवडी कापडाच्या कडेला, गोंड्याच्या बुडाशी याच टाक्याने लावता येते. कापड पातळ असेल तर मागे दुहेरी पट्टी द्या, नाहीतर कवडीच्या वजनाने कापड फाटते.

निगा

अभिषेकाला माळ पंचामृतात बुडवून ठेवायची सवय असेल तर ती बदला. दही आंबट असते आणि अर्ध्या तासात कवडीची पाठ मंद करते. चमचाभर शिंपडा आणि लगेच साध्या पाण्याने धुवा.

हळद-कुंकू दातांत भरले की ओल्या हाताने चोळू नका, रंग आत जिरतो. आधी कोरडा ब्रश, मग किंचित ओले फडके. पोताचे तेल आणि काजळी बसलेल्या माळेला कोरडे हरभऱ्याचे पीठ चोळा, तासभर ठेवा आणि झटका. पीठ तेल ओढून घेते आणि गोफ भिजत नाही.

चकाकीसाठी खोबरेल तेल लावतात. थंडीत ते गोठून फटीत पांढरे दिसते, पुढे चिकट होऊन धूळ धरते. औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन कापसावर दोन थेंब घेऊन पुसा, वर्षातून दोनदा. गोफाला लागू देऊ नका.

ठेवायला सुती पिशवी आणि स्टीलचा डबा. प्लायवूडच्या किंवा पुठ्ठ्याच्या बंद पेटीत महिनोन्महिने राहिली तर लाकडातून सुटणाऱ्या आंबट वाफेने कवडीवर पांढरी भुकटी धरते. ती बुरशी नाही, कवच स्वतःच पोखरले जात असते. अशी माळ दिसली तर दोरा काढा, कवड्या दिवसभर फिल्टरच्या पाण्यात ठेवा, पाणी दोनदा बदला, पुसून सावलीत वाळवा आणि पेटी बदला. गेलेली चकाकी मात्र गेलीच.

रोज घालायची माळ असेल तर बांधायचा दोरा दर दोन वर्षांनी, शक्यतो नवरात्राच्या पंधरा दिवस आधी, बदला. घाम आणि तेल पिऊन तो आतून कुजतो, वरून मेणामुळे चांगला दिसतो. नखाने दोन ठिकाणी खरवडा; तंतू सुटे होऊन निघाले तर थांबू नका. जुनी माळ सोडताना प्रत्येक कवडीला पुन्हा कापसाच्या वातीची परीक्षा द्या, कारण दोन वर्षांत एखाद्या भोकाची कड पुन्हा उडालेली असते. त्या जागी डब्यातली राखीव कवडी घ्या, आकाराने एक मिलिमीटर लहान चालेल, मोठी नको.